बाउंड्री व्हॅल्यू

आमच्या चिरंजीवांची ड्यू डेट होती ४ जानेवारी २०२२. साहेब अवतरले २१ डिसेंबर २०२१ ला, चांगले चौदा दिवस आधी. आमच्या धंद्यात वेळेआधी डिलिव्हरी हा प्रकार कुणी बघितलेला नाही, त्यामुळे त्याचं भलतंच कौतुक झालं. टीममध्ये पेढे वाटले. मॅनेजरने "बघा, शिका जरा" हा ठरलेला विनोद करून घेतला.

ते चौदा दिवस काय भानगड आहे हे २०२४ च्या नोव्हेंबरात कळलं.

महाराष्ट्रात शाळाप्रवेशाच्या वयाची रेषा ३१ डिसेंबरला आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्याने ती तिथे नेली, त्याआधी ती सप्टेंबर-ऑक्टोबरात असायची. म्हणजे ज्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू होणार, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला ३ पूर्ण झाली तर नर्सरी, ४ पूर्ण झाली तर ज्युनिअर केजी, ६ पूर्ण झाली तर पहिली. आता बघा, कार्टं डॉक्टरांच्या तारखेला जन्मलं असतं तर जून २०२५ च्या ज्युनिअरला बसूच शकलं नसतं. गपगुमान २०२६ ची वाट बघितली असती, आणि तेव्हा ते वर्गातल्या मोठ्या मुलांत मोडलं असतं. २१ डिसेंबरला जन्मलं म्हणून २०२५ ला बसू शकतं, पण वर्गातलं जवळपास सगळ्यात लहान पोर म्हणून.

बायको टेस्टिंगमध्ये आहे. ती म्हणाली, "अरे, ही तर बाउंड्री व्हॅल्यू झाली." (ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: कुठल्याही नियमाची रेषा असते तिच्या अगदी अलीकडचा आणि अगदी पलीकडचा आकडा घालून बघायचा. गडबड सापडते ती तिथेच.)

पण 'बसू शकतं' म्हणजे 'बसलंच पाहिजे' असं नाही, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांसाठी वयाचा जो तक्ता निघतो, त्यात कमीत कमी वयाबरोबर जास्तीत जास्त वयही असतं. २०२४-२५ साठी ज्युनिअर केजीचा हिशोब होता १ जुलै २०१९ ते ३१ डिसेंबर २०२०. मोजून बघा, बारा नाही, अठरा महिने होतात. म्हणजे जुलै ते डिसेंबरमधली सगळी मुलं दोन वर्षांपैकी कुठल्याही वर्षी बसतात. जानेवारी ते जूनवाल्यांच्या आईबापांना एकच दार, आम्हाला दोन. आणि माझा अनुभव असा आहे की पर्याय मिळाला की झोप गेली.

हाच हिशोब एक वर्ष पुढे सरकवला तर २०२५ च्या ज्युनिअरमध्ये सगळ्यात मोठं मूल जुलै २०२० चं असणार. जून २०२५ मध्ये ते जवळजवळ साठ महिन्यांचं, आमचं बेचाळीस. अठरा महिन्यांचा फरक. तुमच्या-माझ्यात दीड वर्षाचा फरक म्हणजे काहीच नाही, पण बेचाळीस महिन्यांच्या माणसासाठी ते त्याच्या अख्ख्या आयुष्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त आहे. साडेतीन वर्षं एक्सपिरियन्सवाल्याला पाच वर्षंवाल्यासोबत एकाच लेव्हलला बसवून एकाच फूटपट्टीने अप्रेझल करायचं. आपल्याकडे असं झालं तर आपण एचआरला केवढाल्या मेल लिहू!

घरापासून दोन किलोमीटरवर एक नावाजलेली इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. तिथे ज्युनिअरला चिकटवलं की दहावीपर्यंत बघायला नको, असं सोसायटीत सगळे सांगतात. आम्ही फॉर्म भरला. मग 'इंटरॅक्शन'चं बोलावणं आलं. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे, म्हणून मुलाखत म्हणायचं नाही. इंटरॅक्शन म्हणायचं.

चिरंजीव तेव्हा दोन वर्षं अकरा महिन्यांचे. मॅडमनी एक चित्र दाखवून विचारलं, "व्हॉट कलर इज धिस?" त्याने चित्राकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि शांतपणे सांगितलं, "भरलं वांगं."

माझ्या मते उत्तर प्रश्नाच्या बरंच पुढचं होतं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

तरी सीट मिळाली. फी सव्वा लाख, भरायला दहा दिवस. यंदा सोडली तर पुढच्या वर्षी नव्याने फॉर्म, नव्याने इंटरॅक्शन, आणि मिळेलच असं नाही. हे सगळं ऑफिसमधल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं. निघताना ज्युनिअरला काय काय शिकवतात त्याचा एक छापील कागद दिला. पहिल्या सत्रात स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन. दिवाळीनंतर कॅपिटल एबीसीडी लिहिणे, १ ते ५० लिहिणे, 'मायसेल्फ' पाठ म्हणणे. आठवड्यातून दोनदा गृहपाठ.

आमचा माणूस तेव्हा खडू मुठीत धरायचा, खलबत्त्यातला बत्ता धरावा तसा. दुपारी दोन तास झोपल्याशिवाय त्याची संध्याकाळ उगवायची नाही. आणि बोलायचा भरपूर, पण सगळं मराठीत, त्यातलं निम्मं स्वतः तयार केलेलं.

पुढचे दहा दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

आईचं म्हणणं, घाला. "सगळ्यांची जातात. समोरच्या फ्लॅटमधली त्याच्याएवढीच आहे, गेली की ती गुमान." आईच्या बाजूला एक भक्कम कारण होतं, ते म्हणजे तिचे गुडघे. सकाळी तो पाळणाघरात असायचा, दुपारनंतर आजीकडे, आणि त्याच्यामागे पळायला आता माझ्यात जोर नाही असं ती स्पष्ट सांगायची. नातवावरचं प्रेम आणि गुडघे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो.

मामांचा फोन आला. "वर्ष वाया जाईल रे पोराचं." हे वाक्य त्या दहा दिवसांत मी किमान आठ जणांकडून ऐकलं. मला खरंच कळत नाही, हे वर्ष वाया जातं म्हणजे जातं कुठे? गंमत अशी की हीच माणसं बारावीनंतर पोराला 'ड्रॉप' घ्यायला लावताना जराही कचरत नाहीत. अठराव्या वर्षी आख्खं वर्ष खोलीत कोंडून घेऊन जेईई नाहीतर नीटचे पेपर सोडवले तर ते वर्ष 'सत्कारणी', आणि चौथ्या वर्षी तेच वर्ष वाळूत खेळून काढलं तर 'वाया'! माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गात असे ड्रॉपवाले कितीतरी होते. आज ऑफिसात कोण एक वर्ष मोठा नि कोण लहान हे त्यांच्या बायकांनासुद्धा आठवत नसेल.

अमेरिकेत न्यू जर्सीला माझी मावसबहीण असते. तिला फोन केला तर ती हसायलाच लागली. तिच्या गावात किंडरगार्टनची रेषा १ ऑक्टोबरला, आणि तिचा मुलगा सप्टेंबरचा. म्हणजे तीही याच गल्लीतून गेलेली. तिकडे या थांबवण्याला 'रेडशर्टिंग' म्हणतात. शब्द कॉलेजच्या खेळातून आला. नव्या खेळाडूला वर्षभर सामन्यात उतरवायचं नाही, लाल जर्सी घालून नुसता सराव करू द्यायचा, म्हणजे त्याचं खेळायचं एक वर्ष शिल्लक राहतं आणि तोवर अंगात जोर भरतो. मुलांच्या बाबतीत हे करणारे आईबाप तिकडे शंभरात चार-पाचच, पण ते जिथे एकवटलेले असतात तिथे मजा होते. ती म्हणाली, "आधी ऑगस्टवाल्यांनी थांबवली. मग वर्गात जूनवाली बारकी दिसायला लागली. मग पुढच्या वर्षी जूनवाल्यांनी थांबवली." आता याला अंत कुठे? कुणीतरी सगळ्यात लहान असणारच. तुम्ही फक्त ती चिठ्ठी दुसऱ्याच्या खिशात टाकता.

हे ऐकल्यावर मला दोन रात्री जरा ओशाळल्यासारखं होत होतं. मग आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना सहज विचारलं. त्यांची मुलगी त्याच डिसेंबरातली, आमच्यापेक्षा आठवडाभराने लहान. त्या म्हणाल्या, "ती येत्या जूनलाच जाणार. घरी ठेवून मी सहा घरची कामं कशी करू, दादा?" झालं. त्यांच्या घरात हा विषय एका वाक्यात संपला. थांबायचं का नाही यावर दहा दिवस चर्चा करायला आधी दुपारी घरात आजी लागते आणि महिन्याला पाळणाघराचे नऊ हजार लागतात. दोन्ही आमच्याकडे आहेत, म्हणून ही चर्चा आहे.

आता बाबा. बाबा कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ३१ मे २०२२ ला निवृत्त झाले. ३१ मे वाचून ओळखणाऱ्यांनी ओळखलंच असेल. दाखल्यावरची जन्मतारीख १ जून १९६४. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, आजी एवढंच सांगायची की गौरी जेवल्या त्या दिवशी झाला. आजोबांनी शाळेत नेऊन उभं केल्यावर हेडमास्तरांनी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. कान हाताला लागला, म्हणजे सहा पूर्ण. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून तारीख १ जून. खेळ खलास. त्या पिढीत १ जूनवाले इतके आहेत की दरवर्षी ३१ मे ला राज्यभर सरकारी कचेऱ्यांत नि शाळांत निरोपसमारंभांची रांग लागते (१ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो).

कानाची ही चाचणी मला लहानपणी निव्वळ विनोद वाटायची. पण तिच्यात अक्कल आहे हो. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि हात आखूड. साधारण सहा-सातच्या सुमाराला हातपाय लांब होतात, आणि मग हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो. जिथे जन्माचे दाखले नव्हते अशा आफ्रिकेतल्या देशांतही ही चाचणी वापरली गेली आहे. कागद नव्हता म्हणून मास्तरांना पोराकडे बघावं लागायचं. अर्थात त्यात सोयीचा खोटेपणाही भरपूर व्हायचा. कुणी बाप पोराला वर्षभर आधीच ढकलून मोकळा व्हायचा, कुणी मुद्दाम वय कमी लावून घ्यायचा, पुढे नोकरी तेवढीच लांबते म्हणून.

बाबा सात दिवस काही बोलले नव्हते. शेवटी मीच विषय काढला.

"बाबा, तुम्ही इतकी वर्षं पहिलीला शिकवलंत. लहान-मोठं कळायचं का वर्गात?"

"न कळायला काय झालं? पहिल्या आठवड्यात कळतंय."

"मग तारखा बघून ठेवायचात?"

"तारखा कसल्या बघतोस! सुरुवातीच्या वर्षांत निम्म्या वर्गाची एक जून. मी दात बघायचो."

"दात?"

"पुढचे दुधाचे दात पडायला लागलेत का बघायचं. ज्याचे पडले नाहीत त्याला दिवाळीपर्यंत पाटीवर लिहायला बसवायचो नाही. चिंचोके मोज, गोष्ट ऐक, खडूचा डबा आणून दे. तपासणीला साहेब येणार असले की त्याच्या पाटीवर मीच ग म भ न काढून ठेवायचो."

"आणि दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर काय, लिहायचीच की पोरं. एखादं होळीपर्यंत जायचं."

मी शाळेचा तो छापील कागद त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. म्हणाले, "हे आमचं पहिलीचं आहे की रे. साडेतीन वर्षाच्या लेकराला कशाला?" आणि पुन्हा पेपर उघडला.

इंजिनिअर माणसाचं दातांवर समाधान होत नाही. मी रात्री वाचायला बसलो. (आऊटलायर्स आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं, त्यातली कॅनडातल्या हॉकीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: रेषा १ जानेवारीची, म्हणून चांगल्या संघांत जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांचा भरणा. त्यामुळे ती सोडा.) केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई या दोघींनी २००६ मध्ये बऱ्याच श्रीमंत देशांतल्या मुलांचे मार्क तपासले. चौथीत वर्गातली सगळ्यात लहान मुलं सगळ्यात मोठ्यांपेक्षा ४ ते १२ पर्सेंटाइलने मागे, आठवीत २ ते ९ ने. म्हणजे फरक कमी होतो, पण चार वर्षांनीसुद्धा पुसला जात नाही.

मग नॉर्वे. नॉर्वेची रेषाही १ जानेवारीची, म्हणजे तिथलं डिसेंबरचं पोर हे आमच्यासारखंच वर्गातलं शेंडेफळ. तिथल्या मुलांचा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. अठराव्या वर्षी लष्करभरतीच्या बुद्धिमत्ता चाचणीत उशिरा शाळेत गेलेल्यांना काहीही फायदा दिसला नाही, उलट लवकर गेलेले किंचित पुढे. एकूण शिक्षणात फारसा फरक नाही. पगारात सुरुवातीला लवकर गेलेले पुढे, कारण ते वर्षभर आधी नोकरीला लागले, आणि तिशीपर्यंत तेही सपाट. हे वाचून मी लॅपटॉप बंद करणार होतो. मामा जिंकले म्हटलं.

पण तेवढ्यात तिसरा अभ्यास सापडला, आणि माझ्या डोक्यातून तो अजून जात नाही. अमेरिकेतल्या चार लाखांहून जास्त मुलांची माहिती, २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेली. ज्या राज्यांत शाळेची रेषा १ सप्टेंबरची आहे तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान, सप्टेंबरातली सगळ्यात मोठी. एडीएचडीचं निदान झालेली मुलं ऑगस्टवाल्यांत दर १०,००० मागे ८५, सप्टेंबरवाल्यांत ६४. आणि ज्या राज्यांत रेषा १ सप्टेंबरची नाही, तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असा फरकच नाही! म्हणजे ऑगस्टच्या हवेत काही नाही. पोर चुळबूळ करत होतं कारण ते पाच वर्षांचं होतं, आणि शेजारी बसलेलं शांत होतं कारण ते सहाचं होतं. बाईंनी दोघांकडे एकाच वेळी बघितलं, एकाबद्दल घरी चिठ्ठी गेली, पुढे डॉक्टर, पुढे गोळ्या.

मार्कांचं मला फार वाटलं नाही. मार्क सावरतात, नॉर्वेवाले सांगतातच. पण चार वर्षांच्या माणसाबद्दल कुणीतरी मोठ्याने कागदावर काहीतरी लिहायचं, ते घरच्यांनी खरं धरायचं, मग त्या पोरानेही खरं धरायचं, याची मला भीती वाटली. त्या इंटरॅक्शनच्या कागदावर काय लिहिलं होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सरकारी कागदांत तर आणखी मौज आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ३ ते ८ हा पायाभूत टप्पा धरतं, तोही खेळातून, आणि पहिलीला सहा पूर्ण हवीत म्हणतं. केंद्राने २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यांना तसं पत्रही पाठवलं. केंद्रीय विद्यालयांनी २०२२ पासून ३१ मार्चला सहा पूर्ण अशी अट घातली, त्यावर लोक दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि हरले. आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या हिशोबाने आमचा मुलगा जून २०२७ ला साडेपाचव्या वर्षी पहिलीत बसला असता. केंद्रीय विद्यालयाच्या दारात त्याच दिवशी त्याला "अजून लहान आहे" म्हणून परत पाठवलं असतं.

आठव्या दिवशी आम्ही घरामागच्या गल्लीतल्या एका मराठी शाळेच्या बालविभागात गेलो. (माध्यमाचा वाद हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. तेव्हा तो डोक्यातही नव्हता, वर्षभर थांबलं तर सकाळचं काय, एवढंच बघायला गेलो होतो.) भिंतीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे फोटो. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, आदिवासी वस्तीतली मुलं येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आज आपण जो 'अंगणवाडी' शब्द वापरतो तो तिथला. फोटो नुसतेच टांगलेले नव्हते बहुधा, कारण खाली खरोखरच वाळू होती, मातीचे गोळे होते, आणि दोन मुली एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत बसल्या होत्या, कुणी त्यांना थांबवत नव्हतं.

तिथल्या ताईंना मी विचारलं, "याचं डिसेंबरचं आहे. तुम्हाला काय वाटतं, हा ज्युनिअरसाठी तयार आहे का?"

त्या म्हणाल्या, "कशासाठी तयार?"

मी म्हटलं, "म्हणजे... शाळेसाठी."

"इथे यायला कसली तयारी लागते? डबा उघडता येतो का?"

"घट्ट असला तर नाही."

"मग सैल झाकणाचा द्या. झोपतो का दुपारी?"

"साडेबारालाच पेंगतो."

"पेंगू दे. चटई आहे."

मुलगा तोपर्यंत पाणी ओतणाऱ्यांत सामील झाला होता. येताना बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिकडे तो तयार नाही आणि इकडे तयार आहे. एकाच आठवड्यात. मग आपण टेस्ट कुणाची करतोय?"

मला वाटतं दहा दिवसांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते होतं. आम्ही पोराला उलटंपालटं करून बघत होतो, याला हे येतं का, ते येतं का, पेन्सिल धरता येते का. तपासायचा होता तो छापील कागद. ज्युनिअरमध्ये खरंच नुसतं खेळायचं असतं, तर साडेतीनला घाला नाहीतर साडेचारला घाला, काय मोठा फरक पडला असता? तो कागद आपण बदलू शकत नाही. म्हणून मग तारीख बदलायची.

एवढं कळूनही निर्णय सोपा नव्हता हो. बायकोने दोन्ही बाजूंचे वर्स्ट केस मांडले. थांबलो आणि सीट गेली, तर दुसरी शाळा, कदाचित लांबची, कदाचित महाग, आणि घरच्यांचं आयुष्यभर "तेव्हा सांगत होतो". घातलं आणि त्याला झेपलं नाही, तर ज्युनिअर परत करायचं. कागदावर तेही शक्य असतं. पण तोवर त्याचे मित्र झालेले असणार, ते पुढच्या वर्गात जाणार, आणि हा त्याच बाकावर. "पहिल्याचा त्रास आपल्याला," ती म्हणाली, "दुसऱ्याचा त्याला." माझ्या एक्सेलमध्ये तेवीस ओळी होत्या. हा कॉलमच नव्हता.

फी भरायची मुदत दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. आम्ही दोघंही ऑफिसात. सव्वापाचला तिचा फोन आला. म्हणाली, पावणेपाचपासून ते पेमेंटचं पेज उघडून बसले होते, कार्ड नंबर टाकून. पाचला ते आपोआप बंद झालं.

"रडतेयस का?"

"नाही रे. मीटिंग आहे." आणि फोन ठेवला.

जून २०२५ पासून चिरंजीव मागच्या गल्लीत खेळगटात जायला लागले. पहिले चार दिवस भोकाड पसरलं, पाचव्या दिवशी मला गेटवरूनच "जा तू" सांगितलं. आईने नी-कॅप आणल्यात आणि सोडायला तीच जाते. गुडघ्यांबद्दल बोलते, पण आता अभिमानाने. 'मायसेल्फ' येत नाही. पाणी न सांडता ओतता येतं. समोरच्या फ्लॅटमधली ज्युनिअरला गेलेली मुलगी मजेत आहे, १ ते ५० लिहिते, तिला छान जमतंय. हेही सांगितलं पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा मी लवकर निघून त्याला आणायला गेलो. गेटपाशी त्याच्याच वर्गातल्या एका मुलीची आई भेटली. मुलगी एवढीशी, ताईंच्या मांडीवर झोपलेली दारातून दिसत होती. ती म्हणाली, "तुमचा केवढा दिसतो हो. कधीचा?"

"डिसेंबरचा."

"आमचीपण डिसेंबरच! अठ्ठावीस."

मग दोघांनीही मनात मोजलं. आमचा २०२१ चा, तिची २०२२ ची. "म्हणजे तुम्ही वर्षभर थांबलात," ती म्हणाली. मी हो म्हटलं. ती जरा वेळ मुलीकडे बघत राहिली. "आम्हालाही सुचलं होतं. पण पाळणाघर परवडत नाही अजून एक वर्ष, आणि सासूबाई गावी." मी तिला अठरा महिन्यांचं सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा खेळगटात बसवता येईल का ते ताईंना विचारून बघा म्हटलं. "पण हिच्या मैत्रिणी पुढे जातील ना," ती म्हणाली.

तेवढ्यात चिरंजीव आले. दोन्ही बुटांत वाळू, डब्याचं झाकण कुठेतरी राहिलेलं. पुढचा एक दात हलतोय असं त्यांचं म्हणणं होतं, आजोबांना ताबडतोब दाखवायचा होता. मी बोट लावून बघितलं. अजिबात हलत नव्हता.